आईच्या गुडघेरोपणात घरच्यांनी काय करावे आणि कशापासून दूर राहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांची आई ६७ वर्षांची आहे, ती साताऱ्याजवळच्या गावी राहते, तिला मधुमेह आहे आणि पुढच्या महिन्यात पुण्यात तिच्या उजव्या गुडघ्याचे संपूर्ण सांधेरोपण ठरले आहे. वडील ७४ वर्षांचे आहेत. प्रश्नकर्ते आणि त्यांच्या पत्नी दोघेही पुण्यात नोकरी करतात. भाऊ अमेरिकेत असून त्याला जेमतेम दोन आठवड्यांची रजा मिळणार आहे. शस्त्रक्रियेनंतर आईला कोठे ठेवावे, भावाने कधी यावे, घरात कोणती तयारी करावी आणि तिचे नेमके काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि सांधेरोपण झालेल्या रुग्णांबरोबर रुग्णालयात व त्यांच्या घरी अनेक वर्षे काम करते आहे. त्यामुळे हे उत्तर मुख्यतः घरात काय घडते त्याविषयी आहे. शस्त्रक्रियेचे आणि औषधांचे निर्णय तुमचे सर्जन व फिजिशियनच घेतील.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. आईची सगळी कामे करून देणे हे तुमचे काम नाही. ती कामे तिला स्वतःला, न पडता आणि ठरल्या वेळी करता यावीत अशी व्यवस्था लावणे हे तुमचे काम आहे. आपल्याकडे आजारी माणसावरची माया पलंगावर ताट नेऊन देण्यात आणि 'तू उठू नकोस, मी आहे ना' असे म्हणण्यात दिसते. तापाच्या रुग्णाला ते चालते. गुडघेरोपणाच्या रुग्णाचे त्याने नुकसान होते, कारण नवा सांधा बसवण्याचे काम सर्जन दीड-दोन तासांत पूर्ण करतात, पण तो वापरायला शिकण्याचे काम पुढचे कित्येक आठवडे रुग्णालाच करावे लागते आणि ते दुसरे कोणीही तिच्या वतीने करू शकत नाही.

या शस्त्रक्रियेत गुडघा कापून टाकून नवा बसवतात, असा अनेकांचा समज असतो आणि त्याने रुग्ण घाबरून जातो. प्रत्यक्षात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांवरचा झिजलेला, काही मिलिमीटर जाडीचा थर काढतात आणि दातावर कॅप बसवावी तसे तेथे धातूचे आवरण बसवतात. दोन धातूंच्या मध्ये पॉलिइथिलीन या टणक प्लास्टिकची गादी असते. मांडीचे स्नायू, वाटीचा बंध आणि बाजूचे मुख्य बंध आईचे स्वतःचेच राहतात. झीज होत असताना गेली काही वर्षे हे स्नायू दुखण्यामुळे नीट वापरले गेलेले नसतात, त्यामुळे ते अशक्त झालेले असतात. नवा सांधा बसला तरी तो उचलून धरणारे स्नायू जुनेच आणि दमलेले असतात, हे घरच्या सर्वांना ठाऊक असले की 'ऑपरेशन तर झाले, मग अजून चालत का नाही' हा प्रश्न घरात उठत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीचा एक महिना तुमच्या हातात आहे आणि तो फार मोलाचा आहे. आईला मधुमेह असल्याने एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी आताच करून घ्या. ती साधारण साडेसात ते आठच्या वर असेल तर अनेक सर्जन शस्त्रक्रिया पुढे ढकलतात आणि ते योग्यच करतात, कारण वाढलेल्या साखरेत जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या मधुमेहाच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या सुमारे तीन दिवस आधी बंद करायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही वेगळे वेळापत्रक असते. म्हणून आई घेत असलेली प्रत्येक गोळी, गावच्या वैद्यांचे काढे आणि 'सांधेदुखीवरची पुडी' यांसह, एका पिशवीत घालून भूलतज्ज्ञांसमोर ठेवा. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता असते आणि ते भूल देणाऱ्यांना माहीत असणे अत्यावश्यक आहे.

दात किडलेला असेल, हिरड्यांतून पू येत असेल, लघवीला जळजळ होत असेल, पायाला भेगा किंवा बोटांच्या बेचक्यात चिखल्या असतील तर ते सर्व शस्त्रक्रियेच्या आधी बरे करून घ्यावे लागते, कारण शरीरात कोठेही असलेला जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतो. आई मिश्री लावत असेल तर तीही आतापासून थांबवावी. आमच्याकडे येणाऱ्या अनेक आजी 'मी तंबाखू खात नाही' असे प्रामाणिकपणे सांगतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजत नाहीत. तिच्यातले निकोटिन जखमेचा रक्तपुरवठा कमी करते. याच महिन्यात व्यायामही सुरू करता येतो. पलंगावर पाय लांब करून बसायचे आणि गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबत मांडीचा स्नायू आवळून पाच आकडे धरून ठेवायचा, एवढा एक व्यायाम जरी दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दहा-पंधरा वेळा झाला तरी शस्त्रक्रियेनंतरचा पहिला आठवडा सोपा जातो. भूल उतरल्यावर दुखत असताना हा व्यायाम नव्याने शिकण्यापेक्षा तो आधीच अंगवळणी पडलेला असणे केव्हाही चांगले.

खर्चाविषयी थोडक्यात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या संपूर्ण सांध्यासाठी ती तेव्हा ५४,७२० रुपये अधिक कर अशी होती. म्हणून बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक स्वतंत्र लिहून घ्या आणि इम्प्लांटचे स्टिकर लावलेले डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पुढे कधी पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ आली तर ते लागते आणि विमानतळावरही उपयोगी पडते. आरोग्य विमा असेल तर सांधेरोपणाला प्रतीक्षा कालावधी आहे का, ते आधी पाहा. बहुतेक पॉलिसींत तो दोन ते तीन वर्षांचा असतो. आईचे वय ६७ असल्याने ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला आयुष्मान योजनेचा लाभ तिला केवळ वयाच्या आधारावर मिळणार नाही. मात्र रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर तेथील आरोग्यमित्राला म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटून आईचे रेशनकार्ड आणि ही शस्त्रक्रिया तेथे बसते का, याची दाखल होण्यापूर्वीच खात्री करून घ्या.

आता मुक्कामाचा प्रश्न. पहिले सहा आठवडे आईला पुण्यात तुमच्याकडे ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे. टाके काढायला दोन आठवड्यांनी आणि तपासणीला सहा आठवड्यांनी सर्जनकडे जावे लागते, मध्ये जखमेविषयी शंका आली तर त्याच दिवशी दाखवता आले पाहिजे आणि घरी येणारा फिजिओथेरपिस्ट शहरात सहज मिळतो. गावच्या घरात उंबरे असतात, न्हाणीघराची फरशी ओली असते आणि पुष्कळ ठिकाणी शौचालय अंगणापलीकडे असते. पावसाळ्यात तर तेथपर्यंतचा रस्ता वॉकर घेऊन चालण्याजोगा राहतच नाही. आईला मात्र गाव सोडून सहा आठवडे राहणे जड जाईल, तिला तुळशीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांची आठवण येईल आणि ती 'मला घरी सोडा' असे म्हणत राहील. म्हणून परत जाण्याची तारीख आधीच ठरवून तिला सांगा आणि वडिलांनाही तिच्याबरोबर पुण्यातच ठेवा. ते एकटे गावी राहिले तर तिचे अर्धे लक्ष त्यांच्या जेवणाखाण्यात अडकलेले राहते.

घरातली तयारी करताना आईच्या एका दिवसाचा मार्ग डोळ्यांसमोर आणा: पलंग, तेथून संडास, तेथून जेवणाची खुर्ची आणि पुन्हा पलंग. या मार्गावरची पायपुसणी, सतरंज्या, चार्जरच्या वायरी आणि तिवई सगळे उचलून ठेवा. पलंग आणि खुर्ची इतकी उंच हवी की बसल्यावर गुडघा कमरेपेक्षा खाली राहील. सोफा बहुतेक घरांत फार खोल आणि मऊ असतो, त्यावर तिला बसवू नका. दोन्ही बाजूंना हात असलेली प्लास्टिकची भक्कम खुर्ची त्याहून चांगली. कमोडवर उंची वाढवणारी बैठक बसवा आणि भिंतीला धरायला दांडी लावून घ्या. टॉवेलची दांडी धरून उठणे धोक्याचे आहे, ती उपटून हातात येते. आंघोळ बसून करता यावी म्हणून न घसरणारे स्टूल आणि हातशॉवर किंवा तांब्या पुरे. वॉकरची उंची अशी ठेवा की आई सरळ उभी राहून हात सोडेल तेव्हा मूठ तिच्या मनगटाच्या घडीपाशी येईल. आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत: पहिल्या महिन्यात साडी नको. वॉकरच्या पुढच्या पायात निरीचा घोळ अडकून पडलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. घोट्याच्या वर राहणारा गाऊन, आणि सपातांऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल, एवढे आधीच घेऊन ठेवा.

भावाच्या रजेविषयी माझा सल्ला तुम्हाला कदाचित अनपेक्षित वाटेल. परदेशातली मुले शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी येतात, रुग्णालयात रात्री जागतात आणि आई घरी येऊन स्थिरावते न स्थिरावते तोच परत जातात. रुग्णालयातल्या तीन ते पाच दिवसांत परिचारिका असतात, दुखणे कमी करणारी औषधे शिरेतून मिळत असतात आणि फिजिओथेरपिस्ट दिवसातून दोनदा येतो. तेथे घरचे एक माणूस पुरते. खरी गरज त्यानंतर लागते. साधारण दहाव्या दिवसापासून पुढे तीन-चार आठवडे दुखणे रात्री छळते, झोप तुटते, भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरते, तुमची रजा संपलेली असते आणि आईचा उत्साह मावळतो. भावाने शस्त्रक्रियेनंतर दहा-बारा दिवसांनी यावे, म्हणजे टाके काढण्यापासून पुढचे दोन आठवडे तो तिच्याबरोबर राहील. शस्त्रक्रियेच्या दिवशी तो व्हिडिओवरून बोलला तरी आईला पुरेल, पण तिसऱ्या आठवड्यातल्या दुपारी कोणीतरी जवळ बसून 'चल, दोन फेऱ्या मारू' म्हणायला हवे, ते पडद्यावरून होत नाही.

रुग्णालयात असताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. शस्त्रक्रियेच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी आईला उभे करतील. ते पाहून 'इतक्या लवकर?' असे म्हणून अडवू नका. लवकर उभे राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका कमी होतो. दुसरे असे की, वयस्क रुग्ण भूल आणि गुंगीच्या औषधांनंतर एखाद्या रात्री असंबद्ध बोलतात, सलाईनची नळी ओढतात, ओळख विसरतात. घरचे अशा वेळी अत्यंत घाबरतात. बहुतेक वेळा हे काही दिवसांत निवळते, परंतु डॉक्टरांना लगेच सांगितलेच पाहिजे, कारण कमी झालेले सोडियम, साखरेतला बदल किंवा तुंबलेली लघवी अशी दुरुस्त करता येणारी कारणे त्यामागे असू शकतात. आईचा चष्मा आणि असल्यास श्रवणयंत्र जवळ ठेवा, रात्री ओळखीचे माणूस जवळ असू द्या आणि दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवा. त्याचा खरोखर उपयोग होतो.

घरी आल्यानंतर जी एक गोष्ट मी सगळ्यांत आग्रहाने सांगते ती उशीची आहे. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किंचित वाकवून ठेवला की बरे वाटते, म्हणून आई गुडघ्याखाली उशी मागेल आणि कोणीतरी प्रेमाने देईल. ती देऊ नका. गुडघ्याला किती वाकता येते याकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण तो पूर्ण सरळ होणे त्याहून अधिक महत्त्वाचे आहे. दहा-पंधरा अंश वाकलेला राहून गेलेला गुडघा असेल तर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणलेलाच राहतो, माणूस लंगडतो, लवकर दमतो आणि पुढे कंबरही दुखू लागते. यासाठी उपाय साधा आहे. जुना टॉवेल घट्ट गुंडाळून टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा अधांतरी राहील आणि पायाच्या स्वतःच्या वजनाने हळूहळू सरळ होईल. पाच-दहा मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. सुरुवातीला मागच्या बाजूने चांगलेच ओढते आणि आई कुरकुरेल. ती पाठीवर निजून पाय लांब करील तेव्हा तुमचा तळवा गुडघ्याच्या मागे सरकवून पाहा: पहिल्या आठवड्यात हात सहज जाईल, पुढे जागा कमी होत जाईल आणि ज्या दिवशी हात अडकेल त्या दिवशी गुडघा जवळपास सरळ झालेला असेल. पाय सुजला असेल तर तो उंच ठेवायचाच आहे, परंतु उशा पोटरीपासून घोट्यापर्यंत लांबीच्या दिशेने लावा, फक्त गुडघ्याखाली नको.

वाकवण्याच्या बाबतीत उलट्या दिशेची चूक होते. शेजारी कोणाचा तरी गुडघा आठ दिवसांत पूर्ण वाकला होता असे कळते आणि मग मुलगा किंवा जावई आईचा पाय धरून जोर लावतो. हे कधीही करू नका. जबरदस्तीने वाकवलेला गुडघा रात्री सुजतो, आई दुसऱ्या दिवशी पायाला हात लावू देत नाही आणि दोन दिवस वाया जातात. तिने स्वतः खुर्चीवर बसून टाच जमिनीवरून मागे सरकवावी, चांगल्या पायाने दुखऱ्या पायाला हलकेच मागे रेटावे आणि पाच-दहा आकडे मोजून सोडावे. दोन आठवड्यांच्या सुमारास नव्वद अंशांच्या जवळपास आणि सहा आठवड्यांत शंभर-एकशे दहापर्यंत वाकले तर वाटचाल चांगली चालली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा किती वाकत होता यावर शेवटचा आकडा पुष्कळ अवलंबून असतो, म्हणून दुसऱ्याच्या आईशी तुलना करू नका. सहा आठवड्यांनंतरही नव्वद होत नसेल तर सर्जनना लवकर दाखवा. तेव्हा उपाय असतात, पुढे ते अवघड होत जातात.

दुखणे सहन करण्याची आपल्या आईच्या पिढीला सवय आहे आणि येथे तीच सवय आड येते. 'गोळ्या कमी घेतलेल्या बऱ्या' म्हणून ती गोळी चुकवते, मग दुखते म्हणून व्यायाम चुकवते, मग सांधा आखडतो आणि आखडल्यामुळे आणखी दुखते. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या आणि वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. मात्र तुम्ही स्वतः घरातल्या डब्यातली आणखी एखादी वेदनाशामक गोळी त्यात घालू नका. निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांत तेच पॅरासिटामॉल असते आणि मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडाला इतर वेदनाशामक गोळ्या त्रास देतात. व्यायामानंतर पंधरा-वीस मिनिटे बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून लावा. गरम शेक, तेलाची मालिश, लेप, गावाकडून कोणी पाठवलेले औषधी तेल यांपैकी काहीही जखमेच्या आसपास लावू नका आणि पाय 'बसवून' देणाऱ्या कोणाकडेही नेऊ नका. ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामक गोळ्यांनी शौचास घट्ट होते. पाणी, भाज्या, इसबगोल आणि चालणे यांकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्या, कारण संडासात कुंथत बसणे या अवस्थेत फार त्रासाचे होते.

आहारात 'पथ्य' या नावाखाली उपासमार होते, असे मला वारंवार दिसते. आंबट खाल्ल्याने जखम चिघळते, भाताने पू होतो, असे ऐकून घरचे दही, ताक, वरण-भात सगळे बंद करतात आणि आईला नुसती पेज आणि सूप मिळते. जखम भरायला आणि स्नायू तयार व्हायला प्रथिने लागतात. मटकी-मुगाची उसळ, वरण, पनीर, दही, शेंगदाण्याची चटणी आणि खात असेल तर अंडी व मासे रोजच्या जेवणात असू द्या. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. चतुर्थी, एकादशी, सोमवार असे उपवास दोन महिने बाजूला ठेवायला सांगा. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्च असतो, त्याने साखर चढते आणि प्रथिने मिळत नाहीत. धार्मिक स्त्रीला हे तुम्ही सांगून पटणार नाही. तिच्या सर्जनच्या तोंडून, तिच्यासमोर, हे वदवून घ्या.

उठवण्याची रीत घरातल्या प्रत्येकाला शिकवा, कारण तिघे तीन बाजूंनी ओढतात हे दृश्य मी घरोघर पाहते. आईने खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकावे, शस्त्रक्रियेचा पाय थोडा पुढे ठेवावा, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून रेटा देत उठावे आणि पूर्ण उभी राहिल्यावरच वॉकर धरावा. वॉकरला धरून उठू नये, तो उलटतो. तुम्ही शस्त्रक्रियेच्या पायाच्या बाजूला, किंचित मागे उभे राहा आणि एक हात कमरेपाशी केवळ आधाराला ठेवा. काखेत हात घालून किंवा दंड धरून वर ओढू नका. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी खाली, एवढे तिला तोंडपाठ करू द्या. रात्री लघवीला उठताना पडण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्यामुळे मंद दिवा चालू ठेवा आणि हाक ऐकू येईल अशा अंतरावर कोणीतरी झोपा.

जखमेविषयी एक नियम कटाक्षाने पाळा: शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा दिवसांनंतरही पट्टी भिजत असेल, जखमेतून स्राव येत असेल, कडा लाल होऊन गरम लागत असतील किंवा थांबलेले दुखणे पुन्हा वाढू लागले असेल तर थेट सर्जनना दाखवा. जवळच्या दवाखान्यातून किंवा औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून 'चार दिवस बघू' असे करू नका. त्या गोळ्यांनी आतला संसर्ग झाकला जातो, तपासणीत जंतू सापडत नाही आणि सांधा वाचवण्याची सुरुवातीची संधी निसटते. पोटरी दुखून टणक झाली, पाय एकाएकी जास्त सुजला तर त्याच दिवशी, आणि छातीत दुखले किंवा धाप लागली तर क्षणही न घालवता रुग्णालय गाठा. गुठळी फुप्फुसात गेल्याची ती लक्षणे असू शकतात. याउलट काही गोष्टी नेहमीच्या आहेत आणि त्यांनी घाबरू नये: गुडघा तीन ते सहा महिने थोडा गरम आणि सुजलेला राहतो, चालताना आतून खटखट आवाज येतो, व्रणाच्या बाहेरच्या बाजूचा एक पट्टा बधिर राहतो आणि पहिल्या आठवड्यांत जांभळे डाग घोट्यापर्यंत उतरतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आई एके दिवशी म्हणेल, 'उगाच केले ऑपरेशन, आधीच बरे होते.' जवळजवळ प्रत्येक रुग्ण हे म्हणतो. तेव्हा वाद घालू नका आणि 'शेजारच्या काकू बघा कशा फिरतात' असेही म्हणू नका. पहिल्या दिवसापासून वहीत चार गोष्टी लिहून ठेवा: आज किती फेऱ्या, किती वेळ खुर्चीत, गुडघा किती वाकला, रात्री किती झोप. ती वही तिच्यासमोर उघडली की पंधरा दिवसांपूर्वी ती संडासापर्यंतही एकटी जात नव्हती, हे तिचे तिलाच दिसते. पूर्ण फायदा कळायला सहा महिने ते वर्ष लागते, हेही तिला शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितलेले असावे. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की, साधारण पाचातला एक रुग्ण पुढेही पूर्ण समाधानी नसतो. दुखणे बहुतेकांचे पुष्कळ कमी होते, पण गुडघा विशीतला होत नाही.

दिवसा तुम्ही दोघे कामावर असताना ब्यूरोकडून मावशी ठेवणार असाल तर त्यांना पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्टसमोर उभे करा आणि काय करायचे याबरोबर काय करायचे नाही तेही सांगा. पाय चेपून देणे हे त्यांना आपले कर्तव्य वाटते. वडिलांना उचलण्याचे काम देऊ नका, त्यांची स्वतःची पाठ जाईल. गोळ्यांच्या वेळा आणि वही त्यांच्याकडे द्या, ते काम पुष्कळ वडील अत्यंत काटेकोरपणे करतात. आणि कृपा करून आंघोळीपासून स्वयंपाकापर्यंत सगळे तुमच्या पत्नींवर सोडू नका. आईला आंघोळ घालायला संकोच वाटतो म्हणून हे काम आपसूक सुनेकडे जाते आणि तीही नोकरी करते, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. आंघोळीसाठी मावशी, रात्रीचे उठणे तुमच्याकडे, फिजिओथेरपी आणि दवाखाना भावाकडे, अशी वाटणी आताच बोलून ठरवा.

हे साहाय्य तुम्हाला ठरवून कमी करत न्यायचे आहे. पहिल्या आठवड्यात चालताना बाजूला असणारे माणूस दुसऱ्या आठवड्यात दाराशी उभे राहावे, तिसऱ्यात दुसऱ्या खोलीत असावे. तीन-चार आठवड्यांनी फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून वॉकर सुटून काठी येईल, आणि ती शस्त्रक्रियेच्या विरुद्ध हातात, म्हणजे आईच्या डाव्या हातात, धरायची असते. काही स्त्रियांचा प्रश्न याच्या अगदी उलट असतो. बाराव्या दिवशी त्या ओट्यापाशी उभ्या राहून पोळ्या लाटू लागतात आणि संध्याकाळी पाय सुजून येतो. अशा आईला स्वयंपाकघरातून हाकलण्यापेक्षा उंच खुर्चीवर बसवून भाजी निवडायला द्या, म्हणजे तिला रिकामे वाटणार नाही.

सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर ती गावी जाऊ शकेल. प्रवासात दर तासाला उतरून चार पावले चालायला लावा. तेथे कमोडची सोय आधी झालेली असली पाहिजे. मांडी घालून आणि उकिडवे बसणे टाळायला बहुतेक सर्जन सांगतात. पूजा, जेवण, हळदीकुंकू खुर्चीवर बसूनही होते, आणि ही सवय घरातल्या इतरांनीही तिच्यासमोर सहजपणे स्वीकारली तर तिला वेगळे पडल्यासारखे वाटत नाही. वारीविषयी साताऱ्याकडचे रुग्ण हमखास विचारतात. सपाट रस्त्यावर चालणे या सांध्याला चालते, पण रोज वीस-पंचवीस किलोमीटर आणि तेही दाटीत, चिखलात, हा पहिल्या वर्षाचा विषय नाही. नंतर सर्जनच्या संमतीने एखाद्या टप्प्यापुरते चालून पाहावे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणानुसार संपूर्ण गुडघेरोपणांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात, त्यामुळे आईने सांधा झिजेल या भीतीने चालणे कमी करण्याचे कारण नाही.

राहिला डावा गुडघा. उजवा बरा होत असताना सगळा भार त्याच्यावर पडतो, तो जास्त दुखू लागतो आणि घरात लगेच 'तोही करून टाकू' अशी चर्चा सुरू होते. उजवा पाय पूर्ण सरळ होऊन आई काठीशिवाय जिना चढू-उतरू लागेपर्यंत ती चर्चा तिच्यासमोर काढू नका. दोन शस्त्रक्रियांमध्ये बहुधा निदान तीन महिने जातातच. काही रुग्णांना एक गुडघा सुधारल्यावर दुसऱ्याचा त्रास सहन होण्याजोगा वाटू लागतो, तर काही स्वतःहून तारीख मागतात. तो निर्णय तिने घ्यायचा आहे, आणि तिने तो घेतला की तुमच्याकडे पहिल्या वेळची वही तयार असेल.